भिंगरीचा झाडू

माझी नात मॅच जिंकली की कोर्ट झाडते.

म्हणजे खरा झाडू घेऊन नव्हे. रॅकेटच दोन्ही हातांत झाडूसारखी धरते, कमरेत वाकते आणि मागच्या रेघेवरची लाल माती रॅकेटच्या टोकानं आणि बुटानं फर्र फर्र करत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बाजूला सारते. मग ताठ होते, कपाळावरचा घाम बोटानं निपटून टाकते आणि कमरेवर हात ठेवून, जरा नाराज चेहऱ्यानं, सगळ्या कोर्टाकडे बघते. लोक हसून हसून बेजार होतात. काही ठिकाणी तर प्रेक्षक घरून लहानसे झाडू घेऊन येतात आणि ती जिंकली की वर धरून हलवतात.

तो नाराज चेहऱ्याचा माणूस मी आहे. एका क्लबातली मातीची कोर्टं सांभाळण्यात माझा जन्म गेला. खेळ संपला की कोर्टावरून जड जाळी ओढायची, माती सारखी करायची, मग लांब दांड्याच्या ब्रशनं पांढऱ्या रेघा झाडून काढायच्या आणि शेवटी पाणी मारायचं. माझ्या मुलीचं शिवणकामाचं दुकान. दुकानात पोरीला ठेवलं तर ती कापडं कापायची, म्हणून मुलगी तिला माझ्याकडे आणून सोडायची. मी जाळी ओढायचो आणि ही जाळीवर बसून फेऱ्या मारायची. उतरली की गरगर फिरायची. तेव्हापासून ती भिंगरी. कागदोपत्री तिला दुसरं नाव आहे, पण त्या नावानं हाक मारली तर ती मागे वळूनही बघत नाही.

पुढे तिनं खेळायलाच घेतलं, आणि तेच तिचं पोटापाण्याचं काम झालं. वर्षातले कितीतरी महिने ती या गावाहून त्या गावाला छोट्या छोट्या स्पर्धा खेळत फिरते. मोठ्या स्पर्धेत मात्र तिला कधी थेट प्रवेश मिळाला नाही. तिथं आधी पात्रता फेऱ्या खेळाव्या लागतात, आणि त्यातली शेवटची जिंकली तरच मुख्य स्पर्धेचं दार उघडतं. त्या दारापर्यंत ती अनेकदा जाऊन आली होती. आत पाऊल टाकलं नव्हतं. या वर्षी पुन्हा ती शेवटच्या पात्रता फेरीत पोचली, म्हणून मी आणि माझी मुलगी मुद्दाम मॅच बघायला गेलो.

समोर होती डावरी, डाव्या हातानं खेळणारी पोर.

या डावरीचं आणि हिचं बिनसलेलं होतं, हे मला त्या दिवशी सकाळी कळलं. मुक्कामाच्या खोलीत माझी मुलगी केळी आणि उकडलेली अंडी डब्यात भरत होती, आणि भिंगरी बुटाच्या नाड्या बांधत होती.

"आज झाडू काढायचा नाही," मुलगी म्हणाली.

"आई, सकाळी सकाळी सुरू करू नकोस."

"सकाळीच सांगते, म्हणजे दुपारपर्यंत डोक्यात शिरेल. गेल्या वेळी हात मिळवायला आलेल्या त्या मुलीनं हात मागे घेतला, आठवतंय ना?"

"का बरं?" मी विचारलं.

भिंगरीनं नाडीला आणखी एक गाठ मारली. "ती म्हणाली, मला काय केर समजलीस का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही."

"सांग की आजोबांना," मुलगी म्हणाली. "सांग, सांग."

"म्हटलं, केर असतीस तर एवढा वेळ लागला नसता."

मला हसू आलं, पण मुलीनं माझ्याकडे असं बघितलं की मी ते चहाबरोबर गिळून टाकलं. खरं सांगायचं तर माझी नक्कल सगळ्या जगापुढे होते याचा मला भारी अभिमान होता. नेटच्या पलीकडे उभी असलेली, नुकतीच हरलेली पोर ते बघून काय समजत असेल, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

"अगं, तिला एकदा सांगून टाक," मी म्हटलं, "की हा माझा आजोबा आहे, झाडू त्याचा आहे."

"आता मॅचच्या आधी सांगायला गेले तर म्हणेल घाबरली."

"घाबर की जरा," मुलगी म्हणाली. "तब्येतीला चांगलं असतं. शपथ घे, आज काही झालं तरी झाडणार नाहीस."

भिंगरीनं शपथ घेतली. तोंडात केळं होतं, पण घेतली.

आम्हाला बसायला मिळालेली जागा अगदी मागच्या रेघेच्या बाजूला होती. माझ्या शेजारी एक गृहस्थ आधीच येऊन बसले होते. डोक्यावर पांढरी टोपी, मांडीवर घडी घातलेलं वर्तमानपत्र, पाठ सरळ. डावरीनं सुरुवातीलाच एक सुरेख फटका मारला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यांनी फक्त मान हलवली, तीही बिल बरोबर असल्यावर हलवतात तेवढी.

"ओळखीची आहे वाटतं?" मी विचारलं.

"मुलगी माझी. तुमचं कोण?"

"ती दुसरी. नात."

त्यांनी माझ्याकडे नीट वळून बघितलं. "अच्छा. झाडूवाली."

"हो. आणि तो झाडू माझा."

"म्हणजे?"

"मी कोर्टं झाडायचो. लहानपणी ती माझ्या मागे मागे असायची. ते जे ती करते ना, घाम पुसून कमरेवर हात ठेवते, ती माझी नक्कल आहे. कुणाचा अपमान होतच असेल तर तो माझा होतो."

टोपीवाले कोर्टावरच्या भिंगरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आम्ही वर्षभर दुसरंच समजत होतो."

"चूक आमचीच. सांगायला हवं होतं."

"पण मुळात जिंकल्यावर हे हवं कशाला?" ते म्हणाले. "आमच्याकडे ती पद्धत नाही. जिंकलं, हात मिळवला, पाणी प्यायलं, चालू लागलं. लहानपणी एकदा कप मिळाला म्हणून हिनं कोर्टभर उड्या मारल्या होत्या. मी तिथल्या तिथं सांगितलं, समोरची मुलगी रडतेय, दिसत नाही का तुला? त्यानंतर एकदाही नाही."

"केवढी होती तेव्हा?" माझ्या पलीकडून मुलीनं विचारलं.

"आठ वर्षांची असेल."

"अहो, आठ वर्षांच्या पोरीनं कप मिळाल्यावर उड्या नाही मारायच्या तर काय भाषण करायचं?"

टोपीवाल्यांनी वर्तमानपत्राची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. तेवढ्यात टाळ्या वाजल्या आणि आम्ही तिघंही कोर्टाकडे वळलो.

पहिला सेट भिंगरीनं घालवला. ती खेळत होती, पण पाहुण्यांच्या घरी कप जपून उचलावा तशी. चांगला पॉइंट जिंकला तरी मूठ वळायची नाही, ओरडायची नाही, आईकडे चोरून बघायची. मुलीच्या ते लक्षात आलं. तिनं हातानंच खूण केली, अगं ओरड, ओरडायला कुणी नाही म्हटलंय! मग मात्र पोरीच्या अंगात वारं शिरलं. दुसऱ्या सेटमध्ये ती धावली काय, घसरली काय, माती उडवली काय. तो सेट तिनं ओढून काढला. तिसऱ्यातही ती पुढे गेली, आणि शेवटी मॅच पॉइंट आला. एक पॉइंट, की मुख्य स्पर्धा.

मुलीनं माझं मनगट धरलं. टोपीवाल्यांनी टोपी सारखी केली.

बॉल इकडून तिकडे जात राहिला. दोघीही सोडायला तयार नव्हत्या. मग डावरीनं डाव्या हातानं एक खोल फटका मारला, बॉल आमच्या समोरच्याच, भिंगरीच्या मागच्या रेघेपाशी पडला आणि तिला चुकवून गेला. रेघेवरच्या पंचानं हात बाजूला फेकला आणि ओरडला, "आउट!"

भिंगरीनं आभाळाकडे बघून एक किंकाळी फोडली. पुढच्या क्षणी तिच्या हातात रॅकेट नव्हती, झाडू होता. शपथ गेली, केळ्याबरोबर पोटात गेली. ती वाकली आणि रेघ झाडत निघाली, फर्र फर्र फर्र, या टोकापासून त्या टोकापर्यंत. स्टँडमधले छोटे झाडू वर आले.

"केलंच शेवटी हिनं," मुलगी म्हणाली, पण ती रडत होती आणि हसत होती.

मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो. टोपीवाल्यांनी माझी बाही ओढली. "थांबा. अजून संपलं नाही."

नेटपलीकडे डावरी एक बोट वर करून उभी होती. खूण बघा, असं ती अंपायरला सांगत होती.

मातीच्या कोर्टाची ही एक गोष्ट आहे. बॉल पडला की मातीत त्याची खूण उमटते. पंचाचा निर्णय पटला नाही तर खेळाडू खूण बघायला सांगू शकतो. मग अंपायर उंच खुर्चीवरून उतरून येतो, वाकून बघतो आणि बॉल रेघेला लागला की नाही ते सांगतो. हा तिचा हक्कच होता. डावरी लांब होती, तिला तिकडून काय दिसणार?

अंपायर उतरला, नेटला वळसा घालून आला. भिंगरी तोपर्यंत घाम निपटून, कमरेवर हात ठेवून, नाराज चेहरा करून उभी होती. अंपायरनं खाली बघितलं. रेघ लखलखीत पांढरी, दोन्ही बाजूंची माती एकसारखी. पोर माझ्या हाताखाली शिकलेली, काम कसं चोख!

अंपायरच्या कॉलरला लावलेला माइक चालू होता, त्यामुळे त्यांचं बोलणं थोडंथोडं सगळ्यांना ऐकू येत होतं.

"खूण कुठंय?"

"ही काय, इथंच..." भिंगरीनं खाली बघितलं. तिचा कमरेवरचा एक हात आपोआप खाली आला. "इथंच होती."

"इथं झाडलंय."

"हो, ते मीच... पण तुमच्याच माणसानं आउट दिलं की!"

"दिलं. पण समोरचीनं दाखवा म्हटलंय, आणि दाखवायला तुम्ही काही ठेवलेलं नाही."

नियम साधा आहे. अंपायरनं बघायच्या आधी खेळाडूनं स्वतःच खूण पुसली, तर बॉल आत पडला होता हे तिनं मान्य केलं असं धरतात. नाहीतर प्रत्येकजण आपल्याला नको ती खूण पायानं पुसून मोकळा होईल. पॉइंट डावरीला गेला.

"बाहेर होता!" मी ओरडलो. "मी इथून स्वच्छ बघितला!"

"बाबा, तुम्हाला इथून फळ्यावरचे आकडे दिसत नाहीत," मुलगी म्हणाली.

मी टोपीवाल्यांकडे वळलो. "तुम्ही सांगा. बाहेर होता ना?"

"असावा," ते हळूच म्हणाले. "पण खूण नाही."

स्टँडमध्ये आधी कुजबुज झाली, मग कुणीतरी खुसकन हसलं, आणि मग हसू सगळीकडे पसरत गेलं. भिंगरी रेघेकडे बघत पाठमोरी उभी होती. तिचे खांदे हलायला लागले. मुलीनं तोंडावर हात ठेवला. आता ही रडणार, नाहीतर रॅकेट आपटणार, असं मलाही वाटलं. तेवढ्यात ती वळली. ती हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. तिनं स्टँडमध्ये मला शोधून काढलं आणि माझ्याकडे बोट दाखवून ते हलवलं, तुमचंच हे काम! सगळे लोक माझ्याकडे बघायला लागले. मी टोपीवाल्यांच्या वर्तमानपत्रामागे तोंड लपवलं.

पण हसून पॉइंट परत येत नाही. एकदा मन ‘जिंकलो’ म्हणून बसलं की त्याला पुन्हा खेळायला उठवणं फार अवघड. भिंगरीनं जीव तोडून प्रयत्न केला, पण तिचा बॉल कधी बोटभर बाहेर जाई, कधी नेटची किनार धरून माघारी पडे. डावरी मात्र मान खाली घालून एकेक पॉइंट गोळा करत होती. शेवटचा बॉल भिंगरीनं नेटमध्ये मारला आणि मॅच संपली.

मुलगी ओढणीचा काठ दुमडत राहिली, जणू तिथं टाके घालायचे होते. इतकी वर्षं ती पोर त्या दारासमोर उभी होती, आणि आज तिनं स्वतःच्या हातानं ते झाडून लावून घेतलं.

डावरी जिंकली होती. तिचीही मुख्य स्पर्धेत जायची ही पहिलीच वेळ होती, हे मला टोपीवाल्यांनी मघाशी सांगितलं होतं. पण तिच्याकडे बघून तसं वाटेना. तिनं एकदा वर आपल्या बापाकडे बघितलं, रॅकेट खाली केली आणि दुःखाच्या घरी भेटायला गेलेला माणूस दारातच चपला काढतो तशी दबकत नेटपाशी आली. हात पुढे केला.

भिंगरीनं तो हात धरला आणि सोडेचना. माइक अजून चालू होता.

"झालं? एवढंच?"

"काय एवढंच?"

"मुख्य स्पर्धेत गेलीस ना?"

"गेले."

"मग तोंड असं का? कुणी वारलंय का घरात?"

डावरी हात सोडवायला बघत होती. "तो बॉल बहुतेक बाहेर होता."

"असेल. खूण मी झाडली, तू नाही. आणि ऐक, तो झाडू कधीच तुझ्यासाठी नव्हता. ते बघ, मघाशी पेपरामागे लपले होते ते माझे आजोबा. कोर्टं झाडायचे. त्यांची नक्कल करते मी."

डावरीनं आमच्या दिशेनं बघितलं. पेपर तिच्या बापाचा होता, त्यामुळे ती आणखीच गोंधळली.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"कारण मी मूर्ख आहे. आता तू नाच."

"काय?"

"नाच. मला हरवलंयस तू. मी काय अशीतशी आहे? मला हरवून कुणी असं खाली मान घालून निघून गेलं, तर तो माझा अपमान आहे."

"मला नाही येत."

"काय नाही येत?"

"ते... जिंकल्यावरचं."

सगळं स्टँड चिडीचूप झालं. डावरीनं पुन्हा वर बापाकडे बघितलं. हजार डोळे टोपीवाल्यांवर खिळले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. काय करावं त्यांना कळेना.

"बघताय काय," माझी मुलगी माझ्या पलीकडून वाकून म्हणाली, "हो म्हणा!"

टोपीवाले उभे राहिले. त्यांनी टोपी काढली, त्या टोपीकडेच बघितलं, आणि मग एकदाच, अगदी थोडी, हवेत हलवली.

डावरीनं उडी मारली. दोन्ही पाय जुळवून, डबकं ओलांडावं एवढीशी. लोकांनी असा काही आवाज केला की ती दचकली. मग तिनं दुसरी मारली, जरा मोठी. भिंगरी रॅकेटवर टाळ्या वाजवत होती आणि ओरडत होती, "गुडघे वर! गुडघे वर घे!" आणि मग काय झालं कोण जाणे, डावरी सुटलीच. लांबलचक हात हलवत, ढोपरं छातीला लावत, बगळ्यानं पळावं तशी ती कोर्टभर उड्या मारत निघाली. वळणावर पाय घसरला आणि सपशेल मातीत बसली. उठली तेव्हा पाठीपासून पायापर्यंत लाल, आणि तोंडभर हसत होती. इतका बेढब नाच मी उभ्या आयुष्यात बघितला नव्हता, आणि टाळ्याही इतक्या कधी वाजवल्या नव्हत्या. टोपीवाले खाली बसले आणि वर्तमानपत्रानं वारा घ्यायला लागले.

नंतर कपडे बदलायच्या खोल्यांबाहेरच्या जिन्यावर भिंगरी आम्हाला भेटली. केस ओले, खांद्यावर बॅग. मुलीनं डबा उघडून तिच्या हातात अंडं दिलं. तिनं ते हातातच धरून ठेवलं.

"दुखतंय का गं?" मी विचारलं.

"खूप," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवून थोडा वेळ रडली. आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. शपथेचा विषय तिनं काढला नाही. मग भिंगरीनं नाक पुसलं, अंडं खाल्लं आणि आणखी एक मागितलं. तेव्हा आम्हाला जरा धीर आला.

तेवढ्यात डावरी जिना उतरून आली. कानात अजून माती होती.

"उद्या सकाळी सरावाला येशील का?" तिनं भिंगरीला विचारलं. "परवा पहिली मॅच आहे आणि माझ्याबरोबर खेळायला कुणी नाही. मला तुझ्यासारखं धावायला लावणारं कुणीतरी हवंय."

"मी हरलेय बाई. मी घरी चाललेय."

"ठीक आहे." डावरी वळली.

"किती वाजता?" भिंगरीनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि टोपीवाले सरावाच्या कोर्टाबाहेर बाकावर चहा घेत बसलो होतो. आत दोघी तुटून पडल्या होत्या. सराव कसला, कालच्याहून जोरात चाललं होतं.

"अगं, हळू मार की! मला उद्या खेळायचंय!" डावरी धापा टाकत ओरडली.

"तू जिंकलीस म्हणून मी काय बॉल हातात आणून देऊ? पळ!"

डावरी पळाली, बॉल परत मारला, पॉइंट जिंकला आणि तिथल्या तिथं ढोपर वर करून उडी मारली. पुढचा पॉइंट भिंगरीनं जिंकला, तरी डावरीनं उडी मारली. त्याच्या पुढचा बॉल कुणाचाच नव्हता, शेजारच्या कोर्टावरून घरंगळत आला होता. तिनं तो उचलून परत फेकला आणि उडी मारली.

टोपीवाल्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "अहो," ते काळजीनं म्हणाले, "आता हिला थांबवायचं कसं?"

"ते मला विचारू नका," मी म्हटलं. "आम्हाला कधी जमलं नाही."